आधी डोंगर, मग नगर : व्हेसुव्हियस आणि पॉम्पेई एका दिवसात

नेपल्सच्या आखातावर उभा असलेला व्हेसुव्हियस आणि त्याच्या पायथ्याशी राखेखालून बाहेर काढलेले प्राचीन रोमन नगर पॉम्पेई, ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात का, असा प्रश्न इटलीच्या सहलीची आखणी करणारी मराठी कुटुंबे हमखास विचारतात. होतात, मात्र क्रम चुकता कामा नये. बहुतेक मंडळी सकाळी ताज्या दमाने पॉम्पेईत शिरतात, चार तासांत पायांचे तुकडे पाडून घेतात, आणि दुपारी ढगांत बुडालेल्या डोंगरावर जाऊन ज्वालामुखीच्या मुखाऐवजी पांढरे धुके पाहून परततात. पहिल्या खेपेस मीही तेच केले होते. दुसऱ्या खेपेस क्रम उलटा केला, सकाळी डोंगर आणि दुपारनंतर नगर, आणि तेव्हा लक्षात आले की फायदा केवळ स्वच्छ हवेचा नाही. मुखाच्या कडेला उभे राहून दिशा आणि अंतरे एकदा डोळ्यांत भरून घेतली, की खालच्या गल्ल्यांत मातीचा प्रत्येक थर वाचता येऊ लागतो. वर न जाता थेट खाली गेलेल्या माणसाला तिथे पडक्या भिंतींपलीकडे फारसे दिसत नाही.

निघण्याआधी

व्हेसुव्हियसच्या मुखापर्यंत जाणाऱ्या वाटेचे तिकीट आगाऊ, ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचे घ्यावे लागते. फाटकाशी पोहोचल्यावर पाहू, हा आपला गडकिल्ल्यांवरचा भरवसा इथे चालत नाही, आणि वर मोबाइलचे नेटवर्क बेभरवशाचे असल्यामुळे तिकिटाची प्रत आधीच फोनमध्ये उतरवून किंवा कागदावर छापून ठेवलेली बरी. जोराचा वारा, वीज किंवा दाट धुके असेल तर वाट बंद ठेवली जाते. म्हणून नेपल्समधला मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा आणि डोंगराचा दिवस पहिला धरावा, म्हणजे हवेने दगा दिला तरी दुसरा दिवस हाताशी राहतो.

पॉम्पेईसाठी नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते, त्यामुळे तिकिटे काढताना पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे लिहावे आणि ओळखपत्र जवळ बाळगावे. गर्दीच्या महिन्यांत सकाळचे आणि दुपारचे प्रवेश वेगळे मोजले जातात. आपल्या क्रमानुसार तिकीट दुपारच्या प्रवेशाचे हवे, हे विसरू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतील सरकारी संग्रहालये आणि पुरातत्त्वीय स्थळे विनामूल्य असतात, पॉम्पेईही त्यांत येते, पण त्या दिवशी तिथे जत्रा भरते. एवढ्या लांबून येऊन तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी तो रविवार निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे सर्वांत चांगले. मे-जूनमध्ये डोंगराच्या उतारावर पिवळ्या फुलांची झुडपे बहरतात आणि काळ्या लाव्ह्यावर तो पिवळा रंग विलक्षण उठून दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पॉम्पेईत सावली शोधूनही सापडत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्याची सवय असलेल्या माणसालाही दगडी रस्त्यांतून वर येणारी ती धग सोसवत नाही. हिवाळ्यात हवा छान असते, पण पॉम्पेईचा शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनला असतो आणि पाच वाजता दरवाजे बंद होतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात दुपारसाठी पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियम, म्हणजे त्याच उद्रेकात गाडले गेलेले लहान गाव, निवडावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत, चपला किंवा सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट नकोत. डोंगरावरची वाट सुट्या खडीची, घसाऱ्याची आहे आणि पॉम्पेईतले रस्ते दोन हजार वर्षे झिजलेल्या गुळगुळीत कातळाचे आहेत. या दोन्ही ठिकाणी एकाच जोडीने निभावायचे असते. टोपी, प्रत्येकी दीड लिटर पाणी आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट घ्यावे. खाली घाम येत असला तरी मुखाच्या कडेवर समुद्रावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी मास्क ठेवावा, कारण माणसांच्या पायांनी उडणारी बारीक धूळ घशात बसते. पॉम्पेईत ३० गुणिले ३० गुणिले १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. मोठी सॅक प्रवेशद्वाराशी ठेवावी लागते आणि मग ती घेण्यासाठी त्याच दाराशी परत यावे लागते. ही पायपीट टाळायची असेल तर दिवसभर लहान पिशवीतच भागवावे.

नेपल्सहून डोंगराच्या खांद्यापर्यंत

नेपल्सच्या मुख्य स्थानकाच्या पोटात, गारिबाल्दी नावाच्या फलाटांवरून, चिर्कुमवेसुवियाना ही स्थानिक रेल्वे सुटते. नावाचा अर्थच मुळी व्हेसुव्हियसला वळसा घालणारी असा आहे. सोरेन्तोकडे जाणारी गाडी पकडावी आणि ‘पॉम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरावे. प्रवास सुमारे पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे. पॉम्पेई नावाची आणखी दोन स्थानके आहेत, एक राष्ट्रीय रेल्वेचे आणि दुसरे याच स्थानिक रेल्वेच्या वेगळ्या फाट्यावरचे, ‘पॉम्पेई सान्तुआरिओ’. ही दोन्ही आजच्या पॉम्पेई गावात आहेत आणि सकाळी आपल्या कामाची नाहीत. गाडीत मुंबईच्या लोकलइतकी नाही, तरी बऱ्यापैकी गर्दी असते, आणि पाकीटमारीविषयीची सावधगिरीही लोकलमध्ये बाळगतो तशीच इथे बाळगावी: सॅक पुढे घ्यावी, फोन आतल्या खिशात ठेवावा.

पॉम्पेईच्या अवशेषांजवळून डोंगरावर जाणारी सार्वजनिक बस मिळते. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा आणि मग पाइनचे रान ओलांडत ती साधारण तासाभरात १,००० मीटर उंचीवरच्या थांब्यावर सोडते. गाडीरस्ता इथेच संपतो. बसची पुढची फेरी केव्हा आहे, हे उतरतानाच चालकाला विचारून घ्यावे, कारण फेऱ्या मोजक्या असतात आणि परतीची एक बस हुकली की दुपारचे सगळे गणित कोलमडते. नेपल्सहून सकाळी साडेसात-आठपर्यंत निघालात आणि डोंगराचे तिकीट दहाच्या सुमाराचे घेतले, तर धावपळ होत नाही.

घसाऱ्याची वाट आणि मुखाची कड

व्हेसुव्हियसची उंची १,२८१ मीटर आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर उंच मानला जातो, म्हणजे आकड्याने हा डोंगर सिंहगडाहून थोडा ठेंगणाच. पण तो थेट समुद्राच्या काठावरून उठलेला असल्यामुळे नजरेला कितीतरी मोठा भासतो. आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्याला मुखापर्यंतची ही चढण किरकोळ वाटेल: फाटकापासून वर जेमतेम पावणेदोनशे मीटर चढायचे असतात आणि रमतगमत गेले तरी अर्धा तास पुरतो. वाट रुंद आहे, समुद्राच्या बाजूला लाकडी कठडा आहे, नागमोडी वळणे आहेत. अडचण आहे ती पायाखालच्या खडीची. चढताना पाऊल मागे सरकते आणि उतरताना पुढे घसरते. सह्याद्रीत घसाऱ्यावर उतरण्याची जी पद्धत आहे, गुडघे किंचित वाकवून, पावले लहान टाकून, टाच आधी रोवून, तीच इथे वापरावी. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी काठी घ्यावी. बाबागाडी न्यायचा विचारही करू नये. स्वच्छतागृह खालीच आटोपून घ्यावे.

चढताना दोनदा तरी थांबावे आणि मागे वळून पाहावे. एका वळणावर उत्तरेकडे एक लांबलचक, अर्धगोल, तुटलेला कडा दिसतो. तो मोन्ते सोम्मा. हा मूळच्या, कितीतरी मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. तो पर्वत वेळोवेळी झालेल्या स्फोटांत खचत गेला आणि त्याच्या पोटात नंतर जो नवा सुळका वाढला, त्यावर आपण चढत असतो. इथेच एक गैरसमज दूर करून घ्यावा. इ. स. ७९ मध्ये पॉम्पेई ज्या मुखातून आलेल्या राखेने गाडले गेले ते मुख आज अस्तित्वात नाही. वर आपण पाहतो त्या मुखाला आजचे रूप मार्च १९४४ च्या उद्रेकाने दिले आहे. तो व्हेसुव्हियसचा आतापर्यंतचा शेवटचा उद्रेक. दुसरे महायुद्ध चालू असताना झालेल्या त्या उद्रेकात लाव्ह्याने सान सेबास्तियानो हे गाव गिळले. बसच्या रस्त्यावर दिसणारे राखाडी, चांदीसारखे चमकणारे दगडांचे पट्टे म्हणजे त्याच वर्षीचा लाव्हा. त्याला तो रंग त्यावर चढलेल्या दगडफुलाच्या एका जातीमुळे आलेला आहे.

मुखाशी पोहोचल्यावर लोक फोटो काढतात आणि दहा मिनिटांत खाली वळतात. आपण असे करू नये. इथे किमान पाऊण तास द्यावा, कारण दुपारचे सारे पाहणे या पाऊण तासावर उभे आहे. आधी आत पाहावे. सुमारे ३०० मीटर खोल खळगा, त्याच्या भिंतींत राखाडी, तांबूस आणि पिवळसर पट्टे एकावर एक चढलेले: कुठे घट्ट लाव्हा, कुठे भुसभुशीत राख, पुन्हा लाव्हा. मधेच एखाद्या फटीतून वाफेची बारीक रेघ वर येते. थंड सकाळी ती ठळक दिसते, दुपारी उन्हात दिसेनाशी होते; लवकर येण्याचे हेही एक कारण. हा डोंगर निजलेला आहे, विझलेला नाही, हे ती रेघ सांगते. त्याच्यावर देखरेख ठेवणारी वेधशाळा १८४१ मध्ये स्थापन झाली, ती जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा आहे, आणि खाली दिसणाऱ्या गावांतील लाखो लोक तिच्या भरवशावर झोपतात.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने इथे आणखी एक गोष्ट मनाशी जुळवून पाहावी. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यांतून आपले काळे कातळ, कडे आणि लेण्यांचे दगड तयार झाले. पण तो लाव्हा पातळ होता. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो पाण्यासारखा वाहत गेला, म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आणि सपाट माथे दिसतात. व्हेसुव्हियसचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, चिकट आणि वायूंनी भरलेला असतो. तो वाहत येण्याऐवजी कोंडतो आणि मग फुटतो. वाटेच्या कडेला पडलेला एखादा राखाडी दगड हातात घ्यावा. तो हाताला इतका हलका लागतो की क्षणभर फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि जवळून पाहिले तर जाळीदार घावनासारखी छिद्रेच छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे वायूचा एक बुडबुडा. अशाच दगडांपैकी अगदी फेसाळ असतात ते पाण्यावर तरंगतात. दगड न्याहाळून झाल्यावर जागच्या जागी ठेवावा. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि इथून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे.

आता पाठ मुखाकडे आणि तोंड समुद्राकडे करावे. आग्नेयेकडे, साधारण दहा किलोमीटरवर, दाट वस्तीच्या मधोमध एक फिकट, झाडांनी वेढलेला तुकडा दिसतो. ते पॉम्पेई. पश्चिमेकडे, त्याहून जवळ, किनाऱ्याला लागून हर्क्युलेनियम आहे, पण आजच्या एर्कोलानो गावाच्या घरांत ते लपून जाते. स्फोटाच्या दिवशी वारा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहत होता. राखेचा आणि दगडांचा खांब तीस किलोमीटरच्या आसपास उंच गेला आणि वाऱ्याने तो सगळा पॉम्पेईच्या दिशेने झुकवला. जवळ असूनही हर्क्युलेनियमवर पहिल्या दिवशी फार थोडी राख पडली. आखाताच्या पलीकडे, मिसेनम इथून, सतरा वर्षांचा धाकटा प्लिनी हे दृश्य पाहत होता. त्याने पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत या ढगाला पाइनच्या झाडाची उपमा दिली आहे, उंच खोड आणि वर पसरलेल्या फांद्या. ही छत्रीसारखी पाइनची झाडे खाली सर्वत्र आहेत, उपमा किती नेमकी आहे ते कड्यावरूनच पडताळून पाहता येते. त्याचा मामा, थोरला प्लिनी, जहाजे घेऊन लोकांच्या सुटकेसाठी निघाला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. तो किनाराही इथून दिसतो, पॉम्पेईच्या मागे, उजव्या हाताला. ही चार ठिकाणे बोटाने दाखवून बरोबरच्या मुलांकडून ओळखून घ्यावीत.

या वाटेने मुखाच्या कडेच्या काही भागावरच फिरता येते, पूर्ण प्रदक्षिणा होत नाही आणि सर्वोच्च टोकापर्यंतही जाता येत नाही. कठडा ओलांडून पुढे जाण्याचा मोह काही जण करतात. कड भुसभुशीत आहे आणि खाली आधार नाही, एवढे सांगणे पुरे.

दुपारचे जेवण

बस खाली आली की पॉम्पेईच्या दाराशी असलेल्या दुकानांतून हातात धरून खाता येईल असे काहीतरी घ्यावे. शाकाहारी माणसाची इथे अजिबात अडचण नाही: नेपल्सच्या मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते, चीजही नसते. बरोबर आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चटणी असेल तर उत्तमच. पॉम्पेईच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी नळ आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते, त्यामुळे बाटल्या विकत घेत बसू नये, असलेल्याच भरून घ्याव्यात.

नगरात

पॉम्पेईचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर आहे आणि त्याचा दोन-तृतीयांश भाग उकरून झाला आहे. उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे. चार-साडेचार तासांत सगळे पाहण्याचा अट्टहास केला तर काहीच पाहून होत नाही. समुद्राकडच्या, पोर्ता मरिना या पश्चिमेच्या वेशीतून आत शिरावे आणि पूर्वेकडच्या अँफिथिएटरपर्यंत, म्हणजे खेळांच्या दगडी रिंगणापर्यंत, एक सरळ रेघ धरून चालावे. त्या रेघेवर जेवढे येईल तेवढे नीट पाहावे. काही घरे डागडुजीसाठी आळीपाळीने बंद असतात. एक बंद दिसले तर पुढच्यात जावे.

वेशीतून चढून गेल्यावर पहिला मोठा मोकळा चौक लागतो तो फोरमचा, म्हणजे नगराच्या मुख्य चावडीचा आणि बाजाराचा. उत्तरेच्या टोकाला ज्युपिटरच्या मंदिराचा चौथरा आहे आणि त्याच्या बरोबर मागे व्हेसुव्हियस. सकाळी आपण जिथे उभे होतो ती कड इथून शोधावी. नगरातल्या लोकांना तो डोंगर वेगळा दिसत होता, उंच आणि वरपर्यंत द्राक्षवेलींनी भरलेला. तिथल्याच एका घरातून मिळालेल्या चित्रात मद्यदेव बॅकस द्राक्षांच्या घडांचे वस्त्र ल्यायलेला आहे आणि शेजारी वेलींनी झाकलेला पर्वत उभा आहे. इ. स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला, मंदिरे कोसळली, लोकांनी डागडुजी सुरू केली, आणि ती पुरी होण्याआधीच डोंगर फुटला.

तिथून पुढे रस्त्यांकडे पाहावे. फरसबंदीचे हे काळे दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचेच आहेत आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो. तिच्यात बोट घालून खोली मोजण्याची संधी इथे मिळते, माझी तर्जनी दोन पेरे आत गेली. ठिकठिकाणी रस्त्याच्या आरपार उंच दगड मांडलेले आहेत. रस्त्यातून पाणी आणि घाण वाहत असे, तेव्हा पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी ते आहेत, आणि त्यांच्यामधल्या फटी गाडीची चाके बरोबर जातील अशा अंतरावर ठेवलेल्या आहेत.

पाव भाजण्याच्या भट्ट्या अनेक आहेत, एखादी तरी सोडू नये. अंगणात माणसाच्या कमरेहून उंच, डमरूच्या आकाराची दगडी जाती उभी आहेत; ती गाढवे जुंपून फिरवत. मोडेस्टसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भट्टीत १८६२ मध्ये ८१ पाव कोळसा झालेल्या रूपात सापडले, गोल आणि वरून आठ भागांत चिरलेले. त्या दिवशी भाजायला घातलेले पाव काढायला कोणी परत आले नाही.

श्रीमंतांच्या घरांपैकी ‘फॉनचे घर’ पाहावे. मराठी वाचकाला त्याची रचना समजायला वेळ लागत नाही, कारण तो आपला चौसोपी वाडाच आहे: मधे उघडा चौक, चारही बाजूंनी आत उतरती छपरे, पावसाचे पाणी साठवायला मधोमध हौद, भोवती खोल्या, आणि मागे दुसरा चौक. सिकंदर आणि दारियस यांच्या लढाईचे, दहा लाखांहून अधिक तुकड्यांचे सुप्रसिद्ध जमिनीवरचे चित्र १८३१ मध्ये याच घरात सापडले. मूळ चित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे, इथे प्रतिकृती आहे.

पूर्वेकडे जाणाऱ्या आब्बोन्दान्त्सा रस्त्याला आपण मग लागतो. या रस्त्याच्या तोंडाशी एक दगडी हौद आहे, त्याच्या धारेच्या दगडावर एका स्त्रीचा चेहरा कोरलेला आहे. तो चेहरा झिजला आहे, आणि हौदाच्या काठावर, पाणी घेण्यासाठी वाकताना पिढ्यान्‌पिढ्यांनी जिथे हात टेकले तिथे, तळव्याएवढी गुळगुळीत खोलगट जागा तयार झाली आहे. पॉम्पेईत मला सर्वांत जवळची वाटलेली वस्तू हीच. रस्त्याने पुढे गेल्यावर व्हेतुतियस प्लासिदसची खानावळ लागते. दर्शनी ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण आहेत. त्यांपैकी एकात सुमारे तीन किलो नाणी मिळाली. मागच्या भिंतीवर दुकानाचा देव्हारा रंगवलेला आहे: व्यापाराचा देव मर्क्युरी, मद्याचा देव डायोनिसस आणि खाली घराची राखण करणारे दोन नाग.

खानावळीला लागूनच, घरांच्या त्याच चौकात, एक घर आहे ज्यापाशी फारसा कोणी थांबत नाही. मराठी माणसाने मात्र थांबावे. १९३८ मध्ये आमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात इथे भारतात घडवलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे २५ सेंटिमीटर उंच, गळ्यात आणि हातांत दागिने, दोन्ही बाजूंना लहान दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती ओळखली जाते, जरी ती यक्षी असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य दाखवले गेले आहे. हे साम्य म्हणजे ती आपल्याकडेच घडल्याचा पुरावा नव्हे, तिच्या तळाशी कोरलेले अक्षर वायव्य भारतातील खरोष्ठी लिपीचे आहे. पण सातवाहनांच्या काळात तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, इथून माल भडोचच्या बंदराला आणि पुढे समुद्रापार जात होता, आणि उलट दिशेने आलेली पोसायडनची रोमन काशाची मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळाली आहे. या दाराशी उभे राहिल्यावर ते दोन्ही टोकांचे अंतर एकदम कमी होते.

शेवटचा टप्पा ‘पळून जाणाऱ्यांची बाग’. सकाळी कड्यावर पाहून ठेवलेली वाऱ्याची दिशा इथे कामाला येते. पॉम्पेईवर पहिले जवळजवळ अठरा तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला, आधी पांढरे आणि मग राखाडी. जवळपास पावणेतीन मीटर थर साचला आणि त्याच्या ओझ्याने छपरे कोसळली. पुष्कळ लोक तेवढ्यात निघून गेले. जे आडोशाला थांबले ते पहाटे पाऊस ओसरल्यावर त्या थरावरून चालत निघाले, आणि तेव्हा डोंगराच्या उतारावरून तापलेल्या वायूची आणि राखेची लाट आली. बागेत तेरा जणांचे साचे आहेत, त्यांत मुलेही आहेत. ते मूळ जमिनीवर नव्हे, तर दगडांच्या त्या थराच्या वर सापडले. हे लक्षात ठेवून पाहिले की ती माणसे कोणत्या घटकेला तिथून जात होती, ते कळते. शरीरे कुजून राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची पद्धत जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये रूढ केली. ही माणसे आहेत, पुतळे नव्हेत. तिथे सेल्फी काढू नये आणि मोठ्याने बोलू नये.

अँफिथिएटर तिथून पाच मिनिटांवर आहे. इ. स. पूर्व ७० च्या सुमाराचे हे दगडी रिंगण त्या प्रकारच्या टिकून राहिलेल्या वास्तूंत सर्वांत जुने आहे. संध्याकाळी इथे गर्दी विरळ होते. वरच्या पायरीवर बसून पाय मोकळे करावेत.

हिवाळ्यात किंवा पाय थकले असतील तर

हर्क्युलेनियम पॉम्पेईच्या तुलनेत अगदी लहान आहे, दोन-अडीच तासांत निवांत पाहून होते आणि ‘एर्कोलानो स्कावी’ स्थानकापासून उताराने चालत दहा मिनिटांवर आहे. या स्थानकावरूनही डोंगरावर जाणारी वाहने मिळतात. इथे दगडांचा पाऊस नव्हे, तर तापलेल्या राखेचे लोट आले आणि गाव सुमारे वीस मीटर खोल गाडले गेले. त्यामुळे पॉम्पेईत जे जळून किंवा कुजून गेले ते इथे कोळसा होऊन टिकले आहे: तुळया, दारे, पलंग, दुकानातली लाकडी मांडणी. वरचे मजलेही शाबूत आहेत. समुद्रकाठच्या नौकागृहांच्या कमानींत आसऱ्याला आलेल्या सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. तिथे उभे राहिल्यावर समोर समुद्र दिसत नाही, भिंतीसारखा उभा कापलेला थर दिसतो. त्या एका उद्रेकाने किनारा किती पुढे सरकवला, ते त्यावरून समजते.

परतताना

अँफिथिएटरच्या फाटकातून बाहेर पडल्यास सकाळी टाळलेली दोन्ही गावातली स्थानके जवळ पडतात, पुन्हा पश्चिमेच्या वेशीपर्यंत जाण्याची गरज नसते. दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी तीन तास राखून ठेवावेत, ते मंगळवारी बंद असते एवढे ध्यानात असू द्यावे. बॅकसचे ते चित्र, कोळशाचे पाव आणि सिकंदराचे चित्र यांचे घर तेच आहे. हस्तिदंती मूर्ती ‘गुप्त दालन’ नावाच्या विभागात ठेवलेली असते. पहारेकऱ्याला ‘स्तातुएत्ता इंदियाना’ एवढे विचारले तरी तो वाट दाखवतो. तिच्याभोवती फिरून मागची बाजूही पाहावी. पाठीवर रुळणारी वेणी, कमरेचा पट्टा आणि पायांतले जाड वाळे कारागिराने समोरच्याइतक्याच काळजीने कोरले आहेत.